एडीएचडी असलेल्या मुलांच्या आईबाबांनो (आणि आजीआजोबांनो), थेरपिस्टकडून तुम्हाला नक्की काय हवं असतं?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी सांगली भागात लहान मुलांच्या एका सेंटरमध्ये सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. आमच्याकडे एडीएचडीवाली (लक्ष टिकवणं, शांत बसणं वयाच्या मानाने फार अवघड जाणारी) मुलं बरीच येतात, साधारण सहा ते दहा वयाची. तासगाव, विटा, जत असं कुठून कुठून एसटीने येतात. माझ्या खोलीत मूल पाऊण तास असतं तेव्हा छान असतं हो. समोर एक मोठं माणूस फक्त त्याच्याकडे बघत बसलेलं, टेबलावर एकच खेळ, टीव्ही नाही, कुकरच्या शिट्ट्या नाहीत, मग कुठलंही पोरगं बसेल. आई दारातून बघते आणि म्हणते "मॅडम तुमच्याकडे बसतोय की, घरीच अंगात येतं याच्या". पुढच्या आठवड्यात परत तेच रडगाणं. असं दोन-तीन महिने चालतं आणि मग बरीचशी कुटुंबं यायची बंद होतात, फोन केला की "परीक्षा झाल्यावर येतो".

शिकताना जे शिकवलं ते सगळं मी करते. कौतुक कसं करायचं, सूचना कशी द्यायची, स्टार चार्ट, सगळं छापून देते. तो कागद घरी जाऊन कुठे जातो देव जाणे. बाबा येतच नाहीत. आजी आली तर म्हणते याचा बाप पण असाच होता, लागला की नोकरीला. आणि आई दोन्हीकडून बोलणी खात बसलेली असते.

तर ज्यांच्या घरात असं मूल आहे त्यांनी सांगा, कुठल्या थेरपिस्टचा तुम्हाला खरंच उपयोग झाला आणि नेमकं काय केलं होतं तिने किंवा त्याने? काय ऐकून डोकं फिरलं? मधेच सोडलं असेल तर का सोडलं? डॉक्टरांची, सेंटरची नावं नकोत प्लीज. आणि माझ्या मुलाला हे आहे का असंही विचारू नका, ते इथे बसून सांगता येणार नाही.

मीठभाकर

रानजाई ताई, आम्हाला हे कोणी विचारतंय हेच नवल. मुलगा चौथीत आहे, पुण्यात असतो आम्ही, दोन ठिकाणी जाऊन झालंय.

पहिल्या ठिकाणी मुलाला आत घेतलं की दार बंद. मी बाहेर बाकावर. शेवटची पाच मिनिटं मला आत बोलवायचे, "आज छान झालं, घरी कन्सिस्टन्सी ठेवा". कन्सिस्टन्सी म्हणजे नक्की काय ठेवू हे विचारेपर्यंत पुढचं मूल आत. आणि एक जाडजूड फाईल दिली, जेवताना हे करा, झोपताना ते करा, अभ्यासाला अमुक, स्क्रीन बंद, साखर बंद, रुटीन चार्ट लॅमिनेट करून फ्रीजवर लावा. मी आयटीत, नवरा फिरतीवर, त्या चार्टच्या मागच्या बाजूला आता दुधाचा हिशोब आहे.

दुसऱ्या बाईंनी सुरुवातीला मुलाला बोलावलंच नाही, आम्हाला दोघांनाच बोलावलं. म्हणाल्या काल संध्याकाळी सहा ते आठ काय झालं ते सगळं सांगा, सिनेमाची स्टोरी सांगतात तसं. मी सांगायला लागले, हा डे केअरमधून आला, बूट हॉलमधे फेकले, मी ओट्यापाशी होते तिथूनच म्हटलं बूट जागेवर ठेव, डबा दे, हातपाय धू आणि मराठीची वही काढ. त्यांनी मला तिथेच थांबवलं. "ही कामं किती झाली?" चार. "त्यातलं त्याच्यापर्यंत कुठलं पोचलं असेल?" बहुतेक एकही नाही कारण तो तेव्हा सोफ्याखाली गाडी शोधत होता.

मग बाईंनी काय करावं, त्या स्वतः माझा मुलगा झाल्या! खरंच खाली सतरंजीवर बसून गाडी फिरवायला लागल्या आणि मला म्हणाल्या आता डबा मागा. जवळ जायचं, खांद्यावर हात, नाव घ्यायचं, त्याने वर बघितलं की एकच वाक्य, "डबा दे". आणि मग गप्प बसून मनात पाचपर्यंत मोजायचं. मी तीनला तोंड उघडलं, परत केलं, परत उघडलं. नवरा हसत होता तर त्यालाही करायला लावलं, तो दोनला. डबा दिला की लगेच "मागितल्यावर लगेच दिलास, छान". नुसतं गुड बॉय नाही, काय चांगलं केलं ते नाव घेऊन सांगायचं. आणि त्या आठवड्यात फक्त डबा. मी विचारलं मराठीच्या वहीचं काय, म्हणाल्या या आठवड्यात वही गेली उडत.

बुधवारी त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर छोटा व्हॉइस मेसेज यायचा, डब्याचं काय झालं. तेवढ्यामुळे आम्ही ते टिकवलं, नाहीतर गुरुवारपर्यंत कोणाला आठवतंय.

डोकं कशाने फिरलं म्हणाल तर दोन गोष्टी. "आई नोकरी करते का" हा प्रश्न, बाबांबद्दल कधीच नाही विचारत. आणि मुलासमोर विचारतात "खूप त्रास देतो का हो घरी?" अहो तो नऊ वर्षांचा आहे, त्याला कान आहेत.

सडेतोड

मोबाईल काढून घ्या आणि रोज मैदानावर पिटाळा, निम्मे एडीएचडी तिथेच बरे होतील. आमच्या वेळी वर्गात साठ पोरं होती, कोणालाच असलं काही नव्हतं. सगळा धंदा आहे.

कृष्णाकाठ

सडेतोड साहेब, आमच्या वेळीही होती. माझ्या वर्गातली अशी तीन-चार पोरं मला आजही नावानिशी आठवतात. मास्तरांचा मार खाऊन पाचवी-सहावीत शाळा सोडली, कोणी गुरांमागे गेलं, कोणी गॅरेजात. शाळेत उरली नाहीत म्हणून दिसली नाहीत इतकंच. मैदानाचं मात्र पटलं.

रानजाई ताई, मी आजोबा आहे, साताऱ्याचा, एसटीतून निवृत्त. नातू दुसरीत. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, नातू शाळा सुटल्यापासून संध्याकाळी सातपर्यंत आम्हा म्हाताऱ्यांकडे. आता गंमत बघा. थेरपिस्ट मॅडम शिकवणार सुनेला, सून दमून घरी येणार, स्वयंपाकाला लागणार आणि त्यातून ती आम्हाला सांगणार की बाबा असं करू नका, आई तसं म्हणू नका. म्हणजे शिकवणी सुनेची आणि परीक्षा आमची. सासऱ्याला सुनेनं शिकवायचं हे आमच्यासारख्या घरात तिला किती जड जातं ते तुम्हाला सांगायला नको. ती बोलायचीच नाही, आणि मॅडमना वाटायचं घरी सगळं चाललंय.

शेवटी मॅडमनी आम्हा दोघांना वेगळं बोलावलं. मी जरा तयारीतच गेलो होतो, की ही पोरगी आता आम्हाला लेक्चर देणार. तिने पहिलाच प्रश्न विचारला, नातवाला काय चांगलं येतं? मी म्हटलं सातारा स्टँडवरून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ आहेत, फलटण, कोरेगाव, महाबळेश्वर, कुठलीही विचारा. पाढे मात्र येत नाहीत. ती म्हणाली म्हणजे लक्ष आहे, स्मरण आहे, पण हवं तिथे लक्ष वळवणं आणि नको तिथून काढणं याचा ताबा वयाच्या मानानं मागे आहे. हे मुद्दाम करत नाही तो. घरात इतके दिवस सगळे सांगत होते तेव्हा पटलं नव्हतं, तेव्हा पटलं.

सगळंच पटलं असं नाही. उलट बोललं तर दुर्लक्ष करा म्हणाली, मी म्हटलं आमच्याकडे हे होणार नाही. वाद झाला चांगलाच. मग म्हणाली ठीक आहे आजोबा, रागवा, पण एकदाच आणि दोन वाक्यांत, कालचं परवाचं उकरून काढायचं नाही, आणि बापाचं नाव काढायचं नाही. हे जमतं मला. आमच्या सौ.नी विचारलं दृष्ट काढली तर चालेल का. ती हसली नाही. काढा म्हणाली, आणि शनिवारचं सेशनही चुकवू नका. तिथे आमची सौ. तिची झाली.

तूपसाखर

कोणी ब्राह्मी घृत देऊन बघितलं आहे का? आणि साखर पूर्ण बंद केल्यावर फरक पडतो असं ऐकलंय.

अर्धशिशी

तूपसाखर, साखरेचं आधी. साखर देऊन आणि खोटी साखर देऊन, आईवडिलांना कुठली ते न सांगता, मुलांवर चाचण्या झाल्यात, वागण्यात फरक दिसला नाही. दातांसाठी कमी करा. ब्राह्मीने एडीएचडी आटोक्यात येतो असा भक्कम पुरावा नाही, द्यायचंच असेल तर चालू औषधांसकट सगळं डॉक्टरांच्या कानावर घालून.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, मुलांचा विकास आणि वर्तन हाच विषय. रानजाई, तुमच्या खोलीत मूल छान बसतं याचा अर्थ त्याला एडीएचडी नाही असा नाही, आणि आई वाढवून सांगतेय असाही नाही. नवी जागा, एकास एक लक्ष, लगेच मिळणारी शाबासकी, अशा ठिकाणी लक्षणं दबतात हे निदानाच्या निकषांसोबतच लिहिलेलं आहे. म्हणूनच दोन तरी ठिकाणची माहिती लागते, घर आणि शाळा, आणि त्रास बारा वर्षांच्या आधीपासून असावा लागतो. हे आईला पहिल्याच भेटीत सांगा. तिला घरी-दारी सगळ्यांनी "तूच लाडावून ठेवलंय" म्हटलेलं असतं, तुमच्या खोलीतला शहाणा मुलगा बघून ती स्वतःच ते खरं धरते.

दुसरं, मेंदूची वाढ. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या (एनआयएमएच) गटाने २००७ मध्ये स्कॅन करून दाखवलं की मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी इतर मुलांमध्ये साधारण साडेसात वर्षांच्या सुमाराला कमाल होते तिथे एडीएचडीच्या मुलांमध्ये साडेदहाच्या आसपास होते. क्रम तोच, फक्त उशीर. आजी-आजोबांना मी हे असं सांगतो की दप्तर भरणं, वाट बघणं, राग आवरणं एवढ्यापुरता हा दोन-तीन वर्षांनी लहान आहे असं धरा. नऊ वर्षांच्याकडून सहा-सात वर्षांच्याइतकी अपेक्षा ठेवा, बुद्धी मात्र नऊचीच आहे, ती कमी धरू नका.

पालकांना शिकवणं हे काही बाजूचं काम नाही, ते मुख्य काम आहे. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पहिला उपाय हाच आहे, औषध नंतर. सहाच्या पुढे औषध आणि वर्तनोपचार दोन्ही. १९९९ चा एमटीए नावाचा मोठा अभ्यास आहे, ५७९ मुलं, १४ महिने. चंचलपणा, लक्ष न लागणं या मूळ लक्षणांवर नीट देखरेखीखाली दिलेलं औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा सरस ठरलं, हे मान्य करायला हवं. पण ज्यांना दोन्ही मिळालं त्यांना औषधाचा डोस सरासरी कमी लागला.

यावरून गोळीचा विषय. थेरपिस्टने गोळी सुरू करा, बंद करा सांगू नये, पण विचारावं जरूर. मिथाइलफेनिडेट (एडीएचडीवरचं नेहमीचं औषध) चालू असलेल्या मुलांचे आईवडील परस्पर बंद करतात आणि कोणालाच सांगत नाहीत, कारण डबा न खाता तसाच परत येतो आणि आजी म्हणते पोर वाळलं. भूक खरंच कमी होते. गोळीच्या आधी पोटभर न्याहारी, आणि असर उतरल्यावर संध्याकाळी-रात्री नीट जेवण, दर भेटीला वजन-उंची, झोप कशी आहे ते बघणं, एवढ्यावर बरंच निभावतं. व्यसन लागेल ही भीती सगळ्यांना असते. डॉक्टरांच्या देखरेखीत घेतलेल्या औषधाने पुढे व्यसनाचं प्रमाण वाढतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. हे पाच मिनिटं बसून तुम्ही सांगितलंत तर ते माझ्या ओपीडीतल्या पाच वाक्यांपेक्षा जास्त पोचतं.

जतहून एसटीने येणाऱ्यांना जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीबद्दल (मुलांच्या विकासातल्या अडचणी तपासून उपचार करणारं सरकारी केंद्र) सांगता का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, त्याच्या यादीत एडीएचडी आणि लर्निंग डिसअ‍ॅबिलिटी (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) दोन्ही आहेत, आणि मोफत आहे. दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटचं मात्र आधीच स्पष्ट करा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात लर्निंग डिसअ‍ॅबिलिटी आहे, नुसत्या एडीएचडीला वेगळी जागा नाही. लोक हेलपाटे मारतात आणि शेवटी तुमच्यावर चिडतात. पण या मुलांत दोन्ही सोबत असणं खूप आढळतं, त्यामुळे वाचन-लेखन मागे असेल तर त्याची वेगळी तपासणी कराच. आणि कान-डोळे तपासलेत का हे पण विचारा, झोपेत घोरतो का हे पण.

गिअरबॉक्स

बाबा का येत नाहीत हे मी सांगतो, मी एक बाबा आहे. चाकणला कंपनीत आहे, शिफ्ट ड्युटी. सेशन कधी, तर मंगळवारी सकाळी अकरा. सेशनला आठशे रुपये, आणि माझी रजा टाकली की वर पगार कापला जाणार, मग बायको म्हणते राहू दे मी जाते. ती जाऊन आली की मला सांगणार काय काय सांगितलं, मी ऐकणार अर्धं, आणि रविवारी मी पोराला ओरडलो की "तुम्हाला सांगितलं होतं ना मॅडम काय म्हणाल्या". म्हणजे मॅडम आमच्या घरात न येता आमच्या भांडणात. मला तर त्यांचं तोंड बघायची इच्छा नव्हती खरं सांगू का.

मग त्यांनीच रात्री साडेआठला फोन केला एकदा, वीस मिनिटं. मला काही शिकवलं नाही. विचारलं तुम्ही आणि तो मिळून काय करता. मी म्हटलं बुलेट धुतो रविवारी, त्याला स्पॅनरचे नंबर सगळे माहितीयेत. म्हणाल्या मग तेच रोज दहा मिनिटं करा, बुलेट असो नसो, काहीही, तो सांगेल ते, पण त्या दहा मिनिटांत शिकवायचं नाही, चुका काढायच्या नाहीत, शाळेचा विषय नाही. सोप्पं वाटतं ना? मी दुसऱ्याच दिवशी "हात नीट धर" बोललो. पण नंतर जमत गेलं आणि एक झालं की पोरगं माझं ऐकायला लागलं थोडं थोडं, आधी मी घरात आलो की दुसऱ्या खोलीत जायचं.

आता खरी गोष्ट. मॅडमनी एक दिवस बायकोला विचारलं की घरातले चार्ट कोण भरतं. ती म्हणाली हे भरणार होते, हे विसरतात. मग मला विचारलं शाळेत कसे होतात, लायसन्स किती वेळा हरवलं, एका नोकरीत किती टिकता, आणि मला सायकॅट्रिस्टकडे पाठवलं. अडतिसाव्या वर्षी मला समजलं की मला पण आहे. आजी लोक म्हणतात ना याचा बाप पण असाच होता, अहो बरोबर म्हणतात! फक्त ते "म्हणून काही करायला नको" या अर्थाने म्हणतात. अर्धशिशी डॉक्टर सांगतीलच किती आनुवंशिक असतं ते.

तर रानजाई मॅडम, ज्या माणसाला स्वतःच्या बाईकची चावी सापडत नाही त्याला तुम्ही सात दिवस सात रकाने भरायला सांगता, तो नाही भरणार, आणि मग लाजेने तो यायचं बंद करतो. आमच्या मॅडमनी चार्ट काढून टाकला. दाराला एक डबा, चांगलं काही केलं की त्यात एक नट टाकायचा, खडखड आवाज येतो तो पोराला फार आवडतो, वीस नट झाले की रविवारी त्याच्या आवडीचं काहीतरी. लिहायचं काहीच नाही.

अर्धशिशी

गिअरबॉक्स, जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के येतो, म्हणजे उंचीच्या जवळपास. पालकांपैकी कोणाला आहे का हे विचारायलाच हवं, फक्त ते तुमच्या मॅडमनी विचारलं तसं, हळू. पहिल्याच भेटीत विचारलं तर माणूस उठून जातो.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत असते, मुलगी अकरा वर्षांची, तिचा चंचल प्रकार नाही, नुसती हरवलेली असते. मुलींचं हे फार उशिरा कळतं कारण त्या कोणाला त्रास देत नाहीत, मागच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बघतात आणि शेरा येतो "गुणी आहे पण मेहनत कमी". रानजाई, तुमच्याकडे येणाऱ्यांत मुली किती आहेत ते एकदा बघा.

इथे शाळेला कायद्याने सोय द्यावी लागते, १९७३ च्या कायद्यातल्या कलम ५०४ खाली लेखी प्लॅन होतो, जास्त वेळ, वेगळी खोली वगैरे. पण कायदा असून पहिली मीटिंग मला काही झेपली नाही. टेबलाभोवती सहा माणसं, सगळी गोड बोलणारी, आणि मी एकटी. दुसऱ्या वेळी आमची थेरपिस्ट फोनवरून मीटिंगला होती, तिने फक्त दोनच गोष्टी मागितल्या पण त्या लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवला नाही. आणि मीटिंगच्या आधी अर्धा तास माझ्याकडून काय बोलायचं ते पाठ करून घेतलं होतं. मला वाटतं शाळेशी बोलायची तालीम ही पालकांना तिथेही हवी असणार.

खडूफळा

हडसनकाठ ताई तिथे सहा माणसं टेबलाभोवती, इथे मी एकटा आणि पोरं बेचाळीस, त्यात तिसरी-चौथी एकत्र. झेडपीत आहे, सोलापूर जिल्हा. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे, आमच्याशी कोणी बोलत नाही.

माझ्या वर्गात एक पोरगा आहे, आई मोलमजुरी करते, ती सोलापूरला दवाखान्यात घेऊन गेली आणि येताना रिपोर्ट घेऊन आली. चार पानं, सगळं इंग्रजी, खाली शिक्का. तिने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली गुरुजी यात काय लिहिलंय. मी डीएड बीए माणूस, मला त्यातलं कळलं ते एवढंच की प्रेफरेन्शियल सीटिंग द्या, म्हणजे त्याला सोयीच्या जागी बसवा. आता ती माझ्याकडे बघतेय की मी सांगेन, आणि मी रिपोर्टकडे. रानजाई मॅडम, तुम्ही लोक तो रिपोर्ट कोणासाठी लिहिता? डॉक्टरसाठी लिहा वेगळा. मला अर्धं पान द्या, मराठीत, वर्गात उद्यापासून काय करू तेवढंच.

आणि त्या आईला पण कोणीतरी बघा हो. ती रिपोर्ट देताना रडली. मी काय बोलणार, पाणी दिलं. टेली मानस म्हणून मनाच्या त्रासासाठी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात, प्रशिक्षणात दिला होता तो मी तिला लिहून दिला. पण पोराच्या सेशनमधली दहा मिनिटं तिची का नसावीत?

मीठभाकर

खडूफळा गुरुजी, याला हजार लाइक. आमच्या बाई दर वेळी शेवटी विचारायच्या "आणि तुमची झोप?" मी एकदा त्यावर वीस मिनिटं बोलले होते, त्या दिवशी मुलाचं काही झालंच नाही, आणि तेच सगळ्यात कामाचं सेशन होतं.

रानजाई

सगळ्यांना एकेकाला उत्तर द्यायला हवं पण आज ओपीडी होती, आत्ता वेळ मिळतोय. गिअरबॉक्स दादा, संध्याकाळचे फोन मी गुरुवारी ठेवलेत, आमच्या सेंटरच्या सरांना फीचं काय करायचं विचारलंय, फोनचे पैसे घ्यायचे नाहीत असं माझं म्हणणं आहे, बघू. कृष्णाकाठ काका, "शिकवणी सुनेची आणि परीक्षा आमची" हे मी परवाच एका आजींना ऐकवलं, त्या पुढच्या शनिवारी येतायत.

खडूफळा सर, तुमच्यासाठी अर्धं पान लिहून बघितलंय, तपासून द्याल का?

"या विद्यार्थ्याला लक्ष टिकवणं आणि शांत बसणं अवघड जातं. तो हे मुद्दाम करत नाही. त्याला पहिल्या बाकावर बसवावे. सूचना एका वेळी एकच द्यावी, शक्यतो जवळ जाऊन. काम कमी द्यावे. दर थोड्या वेळाने त्याला हालचालीची संधी द्यावी. चांगल्या वागणुकीचे लगेच कौतुक करावे."

खडूफळा

मॅडम चांगलं आहे, मराठीत आहे, पहिल्यांदाच कळलं. आता लाल पेन.

पहिला बाक नको. पहिल्या बाकावरचा पोरगा मागे वळून सगळा वर्ग बघतो आणि सगळा वर्ग त्याला. भिंतीच्या कडेला, माझ्या टेबलाजवळ, शेजारी शांत मूल, असं लिहा. दारापासून लांब हे पण लिहा, आमच्या दारात कुत्री येतात.

"काम कमी द्यावे" याने भांडण होणार, बाकीचे पालक विचारणार त्यालाच का कमी. पाच गणितांपैकी तीन बघावीत, ती बरोबर तर पाचचं धरावं, असं आकड्यात लिहा म्हणजे मला हेडमास्तरांना दाखवता येतं.

हालचालीची संधी म्हणजे काय? आम्ही म्हणतो जा मैदानाला फेरी मार, तो परत येत नाही. खडू आणणं, वह्या वाटणं, फळा पुसणं, बाटल्या भरणं ही नावं लिहा. फळा पुसायला तर तो जीव टाकेल.

आणि एक वाक्य राहिलंय. मधली सुट्टी आणि खेळाचा तास शिक्षा म्हणून कापू नये. हे ठळक लिहा, आमच्यात सगळे तेच करतात, आणि नेमकं त्याच पोराला पळायची गरज असते.

खाली तुमचा फोन नंबर आणि कधी केलेला चालेल ते टाका. आम्ही पाचनंतर मोकळे असतो, शनिवारी सकाळची शाळा, त्या दिवशी बारानंतर.